कुंडलच्या माळावरची माणसं

किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगायला बसलं की लोखंडी नांगर आधी येतो, पाठोपाठ लक्ष्मणराव किर्लोस्कर. मला मात्र त्यांच्याबरोबर त्या माळावर उतरलेली माणसं आधी सांगावीशी वाटतात.

बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग नांगर अशी लक्ष्मणरावांची धडपड चाललेली. लोखंडाने जमीन विषारी होते, हा शेतकऱ्यांचा पक्का समज. पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. त्यातच कारखान्याची जागा सोडायची पाळी आली. मदतीला धावले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. संस्थानात हवी ती जागा घ्या म्हणाले, वर दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. औंध आज सातारा जिल्ह्यात. लक्ष्मणरावांनी पसंत केलेला कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ सांगली जिल्ह्यात. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट, पण रेल्वे दाराशी. बीड आणि कोळसा आत यायचा, नांगर बाहेर जायचे, तर रेल्वे हवीच.

10 मार्च 1910 रोजी मंडळी तिथे पोचली. भाऊ रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार अंगावर घेतला. शंभूराव जांभेकर इंजिनांचे जाणकार. मंगेशराव रेगे हिशेबाला. अनंतराव फळणीकरांची शाळा अर्धवट सुटलेली, तरी कल्पक यंत्रकार म्हणून ते नावाजले. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले आणि खोडकर. पण कारखान्याची व्यवस्था, कोर्टकचेरी, चार लोकांत बाजू मांडणं, सगळं त्यांच्याकडे. आणि रात्रीची राखण? ती तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे. दोघेही तुरुंगवास भोगून आलेले. अशा माणसांच्या हाती कारखाना सोपवून झोपी जायचं, याला जिगर लागते. लक्ष्मणरावांची खरी कमाई मला इथे दिसते. जगाने मोडीत काढलेल्या माणसाचा उपयोग कशात आहे, हे त्यांना बरोबर कळायचं.

पहिल्या महायुद्धात लोखंड, कोळसा, रंग, सगळ्याचीच टंचाई झाली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा देऊ केल्या. त्या फोडून, वितळवून त्यांच्या बिडातून नांगराचे फाळ ओतले गेले. भट्टी विझू द्यायची नाही, एवढंच सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी रीतसर नोंदवली गेली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. नांगराची माहिती गावोगाव पोचवायला निघालेला तो अंक पुढे मराठी घरांत विचारांचं मासिक म्हणून वाचला गेला. लक्ष्मणराव 1956 मध्ये गेले. नांगराची जागा आता पंपांनी घेतली आहे, आणि वाडीतला कारखाना चालूच आहे.