मूट

मूट : जुन्या इंग्रजीतील ‘गेमोट’ या शब्दाचे आजचे रूप. मूळ अर्थ सभा. भेटणे या अर्थाचे ‘मीट’ हे इंग्रजी क्रियापद याच कुळातले.

अँग्लो-सॅक्सन इंग्लंडमध्ये राजाच्या सल्लागारांच्या सभेला ‘विटेनागेमोट’ म्हणत. दहाव्या शतकातील कायद्यांनुसार शायरची, म्हणजे परगण्याची सभा वर्षातून दोनदा भरे. ‘हंड्रेड’ या त्याच्या पोटविभागाची दर चार आठवड्यांनी. तंट्यांचा निवाडा तिथेच होई. जागा बहुधा उघड्यावरची असे : टेकाड, मोठे झाड, नदीचा उतार. मिल्टन कीन्स शहरात मध्यवर्ती ग्रंथालयाच्या मागे सेकलो हंड्रेडचे असे एक बुटके टेकाड आजही पाहायला मिळते.

मूट हॉल : जुन्या नगरसभागृहांचे नाव. सफकमधील ऑल्डबरा येथील सोळाव्या शतकातील.

कायद्यातील वापर : हा शब्द टिकला तो मुख्यतः वकिलांमुळे. लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ या संस्थांत विद्यार्थी ज्येष्ठांसमोर काल्पनिक खटले लढवत. या सरावाला मूट म्हणत. त्यावरून ‘मूट पॉइंट’ म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा मुद्दा. अमेरिकेत मात्र सरावाच्या खटल्याचे काल्पनिकपण अर्थाला चिकटले आणि ‘मूट’ म्हणजे ज्याच्या निकालाने कोणाचेच काही बदलणार नाही असा वाद. ‘डीफ्युनिस विरुद्ध ओडेगार्ड’ हे ठळक उदाहरण. विधी महाविद्यालयाने आरक्षणासारख्या धोरणामुळे प्रवेश नाकारला, असे म्हणत डीफ्युनिस न्यायालयात गेला आणि खालच्या न्यायालयाच्या आदेशाने शिकू लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निघाले तेव्हा त्याचे शेवटचे सत्र चालू होते. 1974 मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वाद ‘मूट’ ठरवला. त्या धोरणाचा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला. अशा प्रकरणाला आपल्याकडचे वकील ‘इन्फ्रक्चुअस’ म्हणतात.

सरावाचा अर्थ भारतात रुजला. मराठीत ‘अभिरूप न्यायालय’ असा प्रतिशब्द असला, तरी पुण्या-मुंबईच्या विधी महाविद्यालयांत ‘मूट’च बोलले जाते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत त्याला 30 गुण आहेत : तीन मूट, प्रत्येकी 10.

इतर : क्रियापद म्हणून ‘प्रस्ताव मांडणे’. मोठ्या वयाच्या स्काउटांचा जागतिक मेळावा, पहिला 1931 मध्ये कांडरस्टेग (स्वित्झर्लंड) येथे.

निकालपत्र वाचताना ते कोणत्या देशाचे आहे, हे आधी पाहावे. इंग्लंडमध्ये ‘मूट’ म्हटलेला प्रश्न खुला असतो. अमेरिकी न्यायालयाने ‘मूट’ म्हटलेला वाद तिथेच संपलेला असतो.