कुणावर गेलीय?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या. चहा येईपर्यंत एका ताईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं मोबाईलवर जुन्या सिनेमाचा एक तुकडा दाखवला. घोडे, धुरळा, मोठमोठ्या टोप्या. "ओळखा बरं, हा माणूस कुठला?" सगळ्या म्हणाल्या, मेक्सिकोचा. मुलगी हसली. सिनेमा होता १९६४ चा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'. त्यातला मेक्सिकन डाकू रंगवणारा नट जान मारिया व्होलोंते हा इटलीचा.

एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे हे दोघं एकाच गोताचे की काय? नाकीडोळी तर सारखेच." दुसऱ्या म्हणाल्या, "चेहऱ्यावरून कूळ कळतंच बाई." त्यावर आमच्यातली एक एकदम गप्प झाली. तिच्या लेकीला त्याच आठवड्यात स्थळाकडून नकार आला होता. पोर सावळी आहे. पाहुण्यांनी चहा पिता पिता विचारलं होतं, "ही कुणावर गेलीय?"

त्या दिवशी आम्हाला नीट बोलता आलं नाही. मग आम्ही पुस्तकं आणली, वाचली. इटली आणि मेक्सिकोची माणसं कुणावर गेलीत, ते आज सांगणार आहोत.

आधी जागा समजून घेऊ. इटली युरोपच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्रात पाय सोडून बसल्यासारखा देश. मेक्सिको अटलांटिक महासागराच्या पलीकडे, अमेरिकेच्या खालच्या अंगाला. दोघांच्या राजधान्यांमध्ये सुमारे दहा हजार किलोमीटरचं अंतर. मग सारखेपणा आला कुठून? मधला दुवा आहे स्पेन.

इटलीतल्या रोमचं सैन्य इ.स.पूर्व २१८ मध्ये स्पेनमध्ये उतरलं आणि पुढं सहाशे वर्षं तिथं रोमचा अंमल राहिला. रोमची भाषा लॅटिन. तिच्या पोटी इटालियन आली, तशीच स्पॅनिशही आली. आपल्या मराठी-कोंकणीसारख्या त्या बहिणी. आईला दोन्हीकडे 'माद्रे' म्हणतात. रोटीला इटलीत 'पाने', तर स्पेन आणि मेक्सिकोत 'पान'. पोर्तुगीज ही त्याच घरातली तिसरी बहीण. ती गोव्यात आली आणि तिच्याकडून आपल्याला 'पाव' मिळाला.

भाषेबरोबर माणसंही मिसळली. अरब आणि उत्तर आफ्रिकेचे लोक ७११ मध्ये स्पेनमध्ये आणि ८२७ मध्ये इटलीच्या सिसिली बेटावर आले, आणि शतकानुशतकं राहिले. पुढं १५०४ पासून दोनशे वर्षं दक्षिण इटलीतल्या नेपल्सवर स्पेनच्या राजाचे सुभेदार राज्य करत होते. दक्षिण इटली आणि स्पेनमध्ये काळेभोर केस, गव्हाळ रंग, काळे डोळे सर्रास दिसतात. उत्तर इटलीत डोंगरांच्या पायथ्याला मात्र गोरी, पिंगट केसांची माणसंही पुष्कळ. म्हणजे इटलीचा असा एक चेहरा नाहीच.

ही झाली बापाकडची गोष्ट. आता आईकडची ऐका.

मेक्सिकोचे मूळनिवासी फार जुने. त्यांचे पूर्वज पंधरा हजार वर्षांपेक्षाही आधी आशियाच्या ईशान्य टोकाकडून अमेरिकेत गेले. त्यांनी तिथं शेती केली, शहरं वसवली. आपल्या चुलीवरचा मका, टोमॅटो आणि मिरची यांची शेती पहिल्यांदा त्याच भागात झाली. 'टोमॅटो' हा शब्दसुद्धा तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल'वरून आलाय. ज्या टोमॅटोवर इटलीचं जेवण जगभर गाजतं, तो इटलीला मेक्सिकोकडूनच मिळाला.

१५१९ मध्ये स्पेनचा हेर्नान कोर्तेस सैन्य घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागला. १५२१ मध्ये तेनोच्तित्लान ही राजधानी पडली. आज तिथंच मेक्सिको सिटी उभी आहे. तलवारीइतकंच मरण देवीच्या साथीनं आणलं. आणि सुरुवातीच्या त्या काळात स्पेनहून आलेल्यांत बायका फार थोड्या होत्या, पुरुषच पुरुष.

मग घरं कशी झाली? एका बाईची गोष्ट इतिहासानं ठेवली आहे. तिचं नाव मालिन्त्सिन. लहानपणीच ती गुलाम म्हणून दुसऱ्यांच्या हाती गेली. तबास्को इथल्या लढाईनंतर हरलेल्या लोकांनी कोर्तेसला नजराण्यात वीस बायका दिल्या, त्यातली ती एक. तिला नाहुआत्ल आणि माया दोन्ही भाषा येत, म्हणून ती दुभाषी झाली. कोर्तेसपासून तिला मार्तीन नावाचा मुलगा झाला. कुणी तिला देशद्रोही म्हटलं, कुणी नव्या मेक्सिकोची आई म्हटलं. आम्हाला वाटतं, जिला नजराण्यात देऊन टाकलं, तिला द्रोहाचा हिशेब विचारण्याआधी देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना विचारावा. तिचं निदान नाव तरी राहिलं. तिच्यासारख्या हजारो जणींचं तेही राहिलं नाही.

पण शरीरानं ती नोंद ठेवली. आपल्या पेशींमध्ये डीएनएचा एक छोटा भाग असा असतो, की तो फक्त आईकडून लेकरांना मिळतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. मेक्सिकोतल्या मिश्र वंशाच्या लोकांची तपासणी झाली, तेव्हा दहांपैकी आठांहून जास्त जणांचा हा आईकडचा धागा मूळनिवासी बायकांपर्यंत पोचला. बापाकडून मुलाला मिळणारा धागा पाहिला, तर निम्म्याहून अधिक पुरुषांचा तो युरोपकडे गेला. कागदावर ज्या आयांची नावं नाहीत, त्यांची साक्ष लेकरांच्या अंगात पाचशे वर्षं टिकली आहे.

त्यात आणखीही रक्त मिसळलं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं होती. १५६५ पासून अडीचशे वर्षं फिलिपाईन्सची मनिला आणि मेक्सिकोचं आकापुल्को बंदर यांच्यात जहाजं चालायची, त्यातून आशियाची माणसंही आली.

राज्यकर्त्यांना ही सरमिसळ मोजून ठेवायची होती. अठराव्या शतकात तिथं खास चित्रं काढत. प्रत्येक चौकटीत बाप, आई आणि लेकरू, आणि खाली लेकराच्या वर्गाचं नाव. स्पॅनिश बाप आणि मूळनिवासी आई असेल तर लेकरू 'मेस्तिसो'. अशा बहुतेक सोळा चौकटी असत. जितका स्पॅनिश अंश जास्त, तितकं स्थान वर. "कुणावर गेलीय?" हाच प्रश्न, फक्त तिथं तो रंगवून भिंतीवर टांगला होता.

आता इटलीच्या एका मुलीची गोष्ट. टिना मोदोत्ती १८९६ मध्ये उत्तर इटलीतल्या उदिने शहरात गरीब घरात जन्मली. कोवळ्या वयातच कापडाच्या कारखान्यात कामाला लागली. १९१३ मध्ये ती अमेरिकेत वडिलांकडे गेली आणि पुढं सिनेमात शिरली. १९२० च्या 'द टायगर्स कोट' या मूकपटात तिला काम मिळालं ते मेक्सिकन बाईचं. गोष्टीत एक श्रीमंत माणूस तिला गोऱ्या घरची समजून लग्न ठरवतो, आणि ती मेक्सिकन मोलकरीण आहे हे कळताच पाठ फिरवतो. चेहरा कालचाच, बाई कालचीच. बदललं ते फक्त कुळाचं नाव. पुढं १९२३ मध्ये टिना खरोखरच मेक्सिकोत राहायला गेली. डोईवर ओझं वाहणाऱ्या, लेकराला पाजणाऱ्या तिथल्या कष्टकरी बायकांचे तिनं काढलेले फोटो आज जगभर पाहिले जातात.

अमेरिकेत या दोन्ही लोकांना चेहऱ्याची किंमत मोजावी लागली. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्स शहरात जमावानं अकरा इटालियन माणसांना ठार केलं. मेक्सिकन लोकांसाठी १९३० च्या जनगणनेत वंशाचा वेगळा रकाना काढला, आणि १९४० मध्ये तो काढून टाकला. तीच माणसं दहा वर्षांत एका रकान्यातून दुसऱ्यात गेली. चेहरे काही बदलले नव्हते.

आणि चेहऱ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी मेक्सिकोतलं चिपिलो हे गाव ऐकून ठेवावं. १८८२ मध्ये उत्तर इटलीच्या व्हेनेतो भागातली शेतकरी कुटुंबं तिथं येऊन वसली. त्यांनी गाई पाळल्या, दूध-चीजचा धंदा केला. आजही तिथं घरात जुनी व्हेनेतोची बोली चालते. गोरी, पिंगट केसांची ही माणसं पक्की मेक्सिकन आहेत. बैठकीत त्यांचा फोटो दाखवला असता, तर आपल्यातली एकही "मेक्सिकोची" म्हणाली नसती.

तेव्हा मावशींच्या प्रश्नाचं उत्तर असं. सारखेपणा दिसतो, तो खोटा नाही. तो स्पेनच्या वाटेनं, बापाकडून गेलेला आहे. पण मेक्सिकोची आई वेगळी आहे, आणि सिनेमात दिसणाऱ्या चेहऱ्यात ती बहुधा दिसत नाही. एकाच गोताचे म्हटलं, की तिलाच आपण पुसून टाकतो.

हे वाचल्यावर आम्ही गटात एक गोष्ट केली. हप्त्याच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि प्रत्येकीला सांगितलं, आईचं नाव लिहा, तिच्या आईचं लिहा, तिच्याही आईचं लिहा. बापाकडच्या पाच पिढ्या घडाघडा सांगणाऱ्या आम्ही, आईकडं तिसऱ्या नावाशी अडलो. बहुतेकींची पानं तिथंच कोरी राहिली. जिच्या लेकीला नकार आला होता, ती मात्र लिहीत राहिली. तिसरं नाव लिहून म्हणाली, "पणजी माझी. सावळी होती म्हणतात. दुष्काळात एकटीनं चार लेकरं जगवली. आता कुणी विचारलं, तर सांगेन, हिच्यावर गेलीय म्हणून."

सख्यांनो, तुमच्याही गटात ते पान उघडा. घरात म्हाताऱ्या आहेत तोवर विचारून घ्या. पुढच्या भेटीत तुमची पानं ऐकायला आवडेल.