भुकटीतून घडलेला धातू

धातूला आकार देण्याचे तीन मार्ग आपल्या पूर्वजांना माहीत होते. वितळवून साच्यात ओतायचा, हा ओताऱ्याचा मार्ग. तापवून ऐरणीवर ठोकायचा, हा लोहाराचा. आणि नको असलेला भाग कापून, तासून काढायचा, हा पुढे लेथवर उभ्या राहिलेल्या कामगाराचा. आपल्या घरातली पितळी समई, विळा, सायकलचा आस, सगळे या तीन वाटांनीच आपल्यापर्यंत आले. चौथी एक वाट आहे. धातूची भुकटी घ्यायची आणि कणाला कण जोडत वस्तू उभी करायची. या वाटेवर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत लेसरचा किरण आला आणि तिचा राजरस्ता झाला. त्या रस्त्याची ही गोष्ट आहे.

आधी आजचे यंत्र काय करते ते पाहू. एक बंद पेटी असते. आतली हवा काढून तिथे आर्गॉन वायू भरलेला असतो, कारण तापलेल्या धातूला प्राणवायू लागला की तो बिघडतो. वरून लेसरचा किरण खाली ठेवलेल्या पोलादी पट्टीवर पडतो. जिथे पडतो तिथे जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढे, कधी त्याहूनही लहान, वितळलेल्या धातूचे डबके तयार होते. त्याच वेळी नळीतून वायूच्या झोताबरोबर धातूची भुकटी त्या डबक्यात सोडली जाते. भुकटी विरघळते, किरण पुढे सरकतो आणि मागचे डबके क्षणात गोठते. सेकंदाला हजारो अंश इतक्या वेगाने ते निवते. किरण गेला त्या वाटेवर धातूची एक रेघ उरते. रेघेशेजारी रेघ, त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. गवंडी विटांची भिंत रचतो तशी वस्तू खालून वर वाढत जाते. कुठे वळायचे, कुठे थांबायचे, हे संगणकातला नकाशा सांगतो. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात भुकटीचा पातळ थर आधीच पसरून ठेवतात आणि किरण त्यावर फक्त हव्या त्या ठिकाणी फिरतो. उरलेली सुटी भुकटी शेवटी झटकून टाकायची.

आता मागे जाऊ. दिल्लीला कुतुबमिनाराच्या आवारात जो लोहस्तंभ उभा आहे, तो सुमारे सोळाशे वर्षांचा. सात मीटरहून उंच आणि सहा टनांच्या आसपास वजनाचा. एवढे लोखंड एकदम वितळवून ओतण्याची भट्टी त्या काळी नव्हती. भट्टीतून निघालेले लोखंडाचे गोळे तापवून, एकमेकांवर ठोकून, जोडत जोडत तो स्तंभ घडवला गेला. न वितळवता धातूला धातू जोडता येतो, ही गोष्ट आपल्या लोहारांना चांगली ठाऊक होती.

पण भुकटीची खरी कथा सुरू होते दक्षिण अमेरिकेत, आजच्या इक्वेडोर आणि कोलंबियाच्या किनाऱ्यावर. तिथल्या नद्यांच्या वाळूत सोन्याच्या कणांसोबत एक पांढरा, जड कण सापडे. तो प्लॅटिनम. प्लॅटिनम वितळायला जवळजवळ 1,770 अंश सेल्सिअस तापमान लागते. लाकडी कोळसा आणि फुंकणी यांच्या बळावर ते साधणे अशक्य. तरीही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या कारागिरांनी प्लॅटिनमचे दागिने घडवले. त्यांनी प्लॅटिनमच्या कणांत थोडी सोन्याची पूड मिसळली. फुंकणीच्या आचेवर सोने वितळले आणि त्याने प्लॅटिनमच्या कणांना बांधून घेतले. मग तापवणे, ठोकणे, पुन्हा तापवणे. शेवटी एकजीव पांढरा धातू तयार. पॉल बर्गसो या डेन्मार्कच्या धातुतज्ज्ञाने 1937 साली या कौशल्याचा उलगडा जगापुढे मांडला.

त्या कारागिरांपैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही. स्पॅनिश लोक तिथे आले, सोने घेऊन गेले. या पांढऱ्या धातूला त्यांनी ‘प्लॅटिना’, म्हणजे हलकी चांदी, असे तुच्छतेचे नाव दिले. सोन्यात भेसळ होते म्हणून तो नदीत फेकून देण्याचे हुकूमही निघाले. आणि तो घडवण्याची विद्या? युरोपच्या विद्वानांना ती मुळापासून पुन्हा शोधावी लागली.

ती शोधणाऱ्यांत मोठे नाव लंडनच्या विल्यम हाइड वॉलस्टनचे. पेशाने वैद्य, पण वैद्यकी सोडून 1800 साली त्याने स्मिथसन टेनंट या मित्राबरोबर प्लॅटिनमचा धंदा मांडला. त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. प्लॅटिनमची माती तीव्र आम्लांच्या मिश्रणात विरघळवायची. त्यात नवसागर घातला की पिवळा साका तळाशी बसतो. तो साका तापवला की करड्या रंगाचे, स्पंजासारखे प्लॅटिनम उरते. ते हलक्या हाताने चुरायचे. कठीण खलबत्त्यात घोटायचे नाही, कारण घोटलेल्या कणाला चकाकी येते आणि चकाकी आलेला कण दुसऱ्या कणाला धरत नाही. मग ती भुकटी धुऊन, ओली असतानाच पितळी नळीत भरून तरफेच्या यंत्राने दाबायची. वाळवायची, भट्टीत तापवायची आणि गरम असतानाच हातोड्याने ठोकायची. भुकटीची अखंड, लवचीक कांब होते.

नवसागराचा उल्लेख वाचला तेव्हा मी थबकलो. आमच्या मोहल्ल्यात कल्हईवाले होते. भाता, कोळसा, कथिलाची कांडी आणि नवसागर, एवढाच त्यांचा संसार. पातेले तापले की नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि कापसाच्या बोळ्याने कथिल फिरले की काळे तांबे चांदीसारखे उजळायचे. वॉलस्टनच्या प्रयोगशाळेत नवसागराचे काम वेगळे होते, हे खरे. पण कल्हईवाला एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर पक्का बसवत होता आणि आज लेसरवाले तंत्रज्ञ हेच करतात. कल्हई उडाली की भांडे पुन्हा त्याच्याकडे जाई. टाकून देण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे.

वॉलस्टनने आपली रीत कोणाला सांगितली नाही. त्याच्या प्लॅटिनमच्या मुशी रसायनशाळांत गेल्या, सल्फ्युरिक आम्ल आटवण्याची मोठी भांडी कारखान्यांत गेली, बंदुकीच्या कानाला त्याचे प्लॅटिनम लागले. पैसा उत्तम मिळाला. गुपित वीस-बावीस वर्षे तिजोरीत राहिले. शेवटी मेंदूच्या आजाराने त्याला गाठले, तेव्हा त्याने ते लिहून काढले. 1828 सालच्या नोव्हेंबरात रॉयल सोसायटीत तो निबंध वाचला गेला आणि डिसेंबरात वॉलस्टन वारला. गंमत अशी, की तोवर रशियात प्योत्र सोबोलेव्स्की याने भुकटी दाबून, तापवून प्लॅटिनम घडवण्याची रीत स्वतंत्रपणे काढली होती आणि 1827 साली ती दाखवलीही होती. 1828 पासून रशियाने प्लॅटिनमची नाणीसुद्धा पाडली. म्हणजे ज्याच्यावर लंडनमध्ये कुलूप होते, ते पीटर्सबर्गमध्ये उघड्यावर होते. उशिरा का होईना, वॉलस्टनने सांगितले याचे मला मोल वाटते. न सांगताच गेला असता तर त्या नवसागराच्या पायरीचे आणि हलक्या हाताने चुरण्याचे मर्मही त्याच्याबरोबर गेले असते.

पुढे 1850 च्या दशकात फ्रान्समध्ये प्लॅटिनम थेट वितळवण्याची जोरकस ज्योत सापडली आणि भुकटीची रीत मागे पडली. तिला परत आणले विजेच्या दिव्याने. दिव्याच्या तारेसाठी टंगस्टन हवा होता. तो वितळायला 3,400 अंशांहून अधिक तापमान लागते आणि हातात घेतला तर काचेसारखा ठिसूळ. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज याने टंगस्टनची भुकटी दाबली, प्रखर तापवली, गरम असताना ठोकली आणि हिऱ्याच्या छिद्रांतून ओढून केसाहून बारीक तार काढली. हे काम 1909-10 चे. आपल्याकडे खेड्यापाड्यांत वीज आली, तेव्हा खोलीत जो पिवळा गोळा पहिल्यांदा पेटला, त्याच्या पोटातली तार याच भुकटीची होती. त्या उजेडात अभ्यास केलेल्या पिढीचा मी एक.

मात्र या सर्व रीतींत भुकटीला आधी साच्यात दाबावे लागे आणि मग संपूर्ण वस्तू भट्टीत जाई. आच फक्त एका बिंदूवर, हवी तिथे आणि हवी तेवढीच देता येईल, असे साधन नव्हते. ते 1960 साली आले. थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला. पण तो धातू वितळवण्याच्या रोजच्या कामाचा नव्हता. कारखान्यात उपयोगी पडेल असा दमदार लेसर 1964 साली पुढे आला, तो कार्बन डायऑक्साइड वायूचा. तो शोधणारे कुमार पटेल मूळचे आपल्या बारामतीचे. 1938 सालचा जन्म, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, मग स्टॅनफर्ड आणि पुढे अमेरिकेतली बेल प्रयोगशाळा. जगभर पोलादाचे पत्रे कापणारा, सांधणारा आणि शस्त्रक्रियेतही वापरला गेलेला तो लेसर एका बारामतीकराचा, हे आपल्या शाळांच्या भिंतींवर लिहायला हवे.

लेसर हाती येताच भुकटीशी त्याची गाठ पडली. 1979 साली युनायटेड टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीच्या तज्ज्ञांनी लेसरसारख्या किरणाखाली भुकटी किंवा तार सोडून थरावर थर चढवत वस्तू घडवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1982 साली ते मिळाले. त्याच सुमारास इंग्लंडच्या रोल्स-रॉइसने विमानाच्या इंजिनातल्या पात्यांवर, जिथे ती एकमेकांना घासतात त्या जागी, लेसर आणि भुकटीने कठीण धातूचा थर चढवायला सुरुवात केली. पुढे झिजलेली पातीही अशीच भरून घेऊ लागले. झिजलेल्या कडेवर नवा धातू चढवायचा, घासून मूळ आकार द्यायचा आणि पाते पुन्हा कामाला लावायचे. शालीला रफू करणारा कारागीर धाग्याशी धागा जुळवतो, तसेच हे धातूचे रफूकाम.

दुसरी धारा टेक्सासमधली. कार्ल डेकार्ड नावाचा विद्यार्थी 1981 च्या सुट्टीत ह्यूस्टनच्या एका कारखान्यात कामाला होता. ओतकामाचे नमुने तिथे हाताने घडवावे लागत. संगणकातल्या चित्रावरून नमुना थेट का बनू नये, हा प्रश्न त्याने मनात धरला. टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक जो बीमन यांच्या हाताखाली त्याने 1980 च्या दशकात यंत्र उभारले. शंभर वॉटचा लेसर, घरगुती खेळांसाठी खपणारा कमोडोर संगणक आणि मिठाच्या डबीसारखी भुकटी भुरभुरणारी डबी. सुरुवात प्लॅस्टिकच्या भुकटीने झाली. 1990 च्या दशकात जर्मनीत धातूच्या भुकटीवर काम झाले. त्याच दशकात अमेरिकेतल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने झोताने भुकटी सोडणारे यंत्र सिद्ध केले. 1997 साली त्याचा परवाना ऑप्टोमेक कंपनीला मिळाला. मिशिगन विद्यापीठातले भारतीय वंशाचे प्राध्यापक ज्योती मजुमदार यांनी वितळलेल्या डबक्यावर सतत नजर ठेवून थराची उंची आपोआप सांभाळणारी रीत विकसित केली.

आपल्या देशातही हे ज्ञान आले. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने अशी यंत्रे इथेच तयार केली. 9 मे 2024 रोजी इस्रोने पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचे, लेसरने भुकटीतून घडवलेले इंजिन 665 सेकंद चालवून पाहिले. पूर्वी ज्यासाठी 14 सुटे भाग लागत, तो आता एकच अखंड भाग झाला. 19 जोड गेले. पूर्वी एका इंजिनाला 565 किलो धातू लागे, आता 13.7 किलो भुकटी पुरली. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. बाकीचा धातू पूर्वी कुठे जात असेल? बराचसा कापून, तासून, किसाच्या रूपाने जमिनीवर.

मग कोल्हापूरच्या ओतशाळेतल्या किंवा पिंपरीच्या लेथवरच्या कामगाराचे काय? हा प्रश्न टाळून ही गोष्ट पुरी होत नाही. ही रीत अजून महाग आणि संथ आहे. हजारोंनी लागणारे पंपाचे कवच ओतूनच स्वस्त पडते. झटक्यात निवलेल्या धातूत ताण राहतो, कधी सूक्ष्म पोकळ्या राहतात. म्हणून वस्तू पुन्हा तापवावी लागते, तपासावी लागते, आणि जिथे दुसरा भाग बसायचा तिथे शेवटी तासावीही लागते. टायटॅनियमची बारीक भुकटी पेट घेऊ शकते, श्वासातून छातीत जाऊ शकते. तेव्हा धातू ओळखणारा जाणता माणूस इथेही हवाच. पण तो आपोआप मिळणार नाही. ज्याने वीस वर्षे लेथवर धातूचा आवाज ऐकला, त्याला या यंत्रापुढे उभे करून शिकवले तर त्याचा अनुभव उपयोगी पडेल. दारातून परत पाठवले तर तो अनुभव वाया जाईल.

या विद्येच्या इतिहासात असे पूर्वी घडले आहे. इक्वेडोरच्या किनाऱ्यावरच्या कारागिरांना कोणी विचारले नाही, आणि त्यांची विद्या पुन्हा हाती यायला शतके लागली. 2014 साली टेक्सासच्या रीतीवरचे एक महत्त्वाचे पेटंट संपले आणि ती वाट अधिक लोकांना खुली झाली. आपल्या आयटीआयमध्ये, तंत्रनिकेतनांत मुलांना हे यंत्र प्रत्यक्ष हाताळायला मिळावे. त्या वर्गात जुना टर्नर आणि जुना ओतारी शिकवायलाही असावा आणि शिकायलाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)