बंपरमागचा विंच

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा पुढचा बंपर म्हणजे जाड पोलादाची एक सरळ पट्टी. लष्कराच्या काही गाड्यांवर ड्रमवर दोर गुंडाळत गाडी ओढून काढणारा विंचही असे, पण तो गिअरबॉक्समधून येणाऱ्या दांड्यावर फिरे. १९४६ साली नागरी बाजारात आलेल्या डॉजच्या पॉवर वॅगनलाही असाच विंच घेता येई. ओढ दांडगी आणि तासन्‌तास न दमणारी. मात्र नदीत पाणी शिरून इंजिन बंद पडलं की त्याचा काडीचा उपयोग नसे.

युद्ध संपलं आणि अमेरिकेत जुन्या जीपा स्वस्तात मिळू लागल्या. सिएटलच्या आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये या जीपांसाठी पुढची चाकं हवी तेव्हाच इंजिनाशी जोडणारे लॉकिंग हब बनवायला घेतले. त्यांच्याच कंपनीने १९५९ मध्ये हौशी गाडीवाल्यांसाठी विजेवर चालणारा विंच आणला. दांडा गेला, दोन जाड केबल आल्या. इंजिन बंद असलं तरी बॅटरीत जीव आहे तोवर गाडी स्वतःला ओढून काढू लागली. १९७४ चा त्यांचा ८,००० पाउंड ओढीचा ‘८२७४’ पुढे कित्येक दशकं विकला गेला.

एवढी ओढ नंतरच्या गाड्यांच्या पत्र्याच्या बंपरला कशी सोसणार? विंचचे बोल्ट ज्या पोलादी पाटावर बसतात, तो थेट चॅसिसलाच जखडावा लागतो. म्हणून बंपर बदलला. ऑस्ट्रेलियात कांगारूंच्या धडकेमुळे बुलबार, म्हणजे गाडीच्या तोंडावरची मजबूत चौकट, आधीच गरजेचा होता. १९७५ मध्ये टोनी ब्राउन यांनी मेलबर्नला ‘एआरबी’ सुरू केली आणि पुढे बुलबारच्या पोटातच विंच बसू लागला.

विंच निवडताना भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढ धरतात. त्यातही मेख आहे: कंपनी सांगते ती ताकद ड्रमवरच्या दोराच्या सर्वांत आतल्या थराची असते. दोराचे थर चढतात तसा ड्रमचा घेर वाढतो आणि ओढ घटते. म्हणून जाणकार दोर जास्तीत जास्त सोडून मगच ओढायला घेतात.

२०१४ पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात भरणाऱ्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या ऑफ-रोड स्पर्धेत विंचशिवाय पान हलत नाही. रोजच्या रस्त्याचं गणित मात्र वेगळं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने बुलबार आणि क्रॅशगार्डवर कारवाई करण्याची सूचना राज्यांना दिली. पादचाऱ्याला होणारी इजा आणि एअरबॅगच्या सेन्सरला येणारा अडथळा, ही त्यामागची कारणं रास्तच आहेत. शहरातच फिरणाऱ्या गाडीला कंपनीचा मूळ बंपरच बरा.