फिलर उपचार : रुग्णसुरक्षा व नीतिनियम (इंग्लंड)
ओठ, गाल किंवा सुरकुत्यांखाली सुईने जेल भरून चेहऱ्याला उठाव देणारा बिनशस्त्रक्रियेचा सौंदर्योपचार. जेल बहुधा हायल्युरॉनिक आम्लाचे असते. ते धमनीत शिरल्यास रक्तपुरवठा तुटून त्वचा मृत होऊ शकते. डोळ्याकडील धमनी बुजल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. त्वचेचा रक्तपुरवठा अडल्यास हायल्युरॉनिडेज हे विकर टोचून जेल तातडीने विरघळवावे लागते. हे विकर जवळ नसलेल्याने सुई हाती धरूच नये.

ब्रिटनमध्ये सुरकुत्यांवरील दुसऱ्या इंजेक्शनला, बोटॉक्सला, डॉक्टरी चिठ्ठी लागते, फिलरला लागत नाही. खरी फट इथेच आहे. पीआयपी या फ्रेंच कंपनीच्या सदोष स्तनरोपणांच्या प्रकरणानंतर नेमलेल्या, आरोग्यसेवेचे तेव्हाचे वैद्यकीय संचालक सर ब्रूस किओ यांच्या समितीने २०१३ मध्ये यावर बोट ठेवले. टूथब्रश घेणाऱ्या ग्राहकापेक्षा अधिक संरक्षण असा बिनशस्त्रक्रियेचा उपचार घेणाऱ्या रुग्णाला नाही, असा तिचा बोचरा निष्कर्ष होता. डॉक्टरांची नियामक संस्था असलेल्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या २०१६ च्या नियमांनुसार संमती उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच घ्यावी, विचाराला अवधी द्यावा आणि उपचार बक्षीस म्हणून वाटू नयेत. हे नियम अर्थात डॉक्टरांपुरतेच. ब्यूटी पार्लरवाल्यांना ते लागू नाहीत.

१ ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालील व्यक्तीवर केवळ सौंदर्यासाठी बोटॉक्स वा फिलर वापरणे गुन्हा आहे.