तिकिटावरचं तिकीट

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारचे एक मास्तर संध्याकाळी घरी आले. हातात मोबाइल, कपाळावर आठ्या. मुलांना सुट्टीत मुंबईकडच्या एका मोठ्या खेळ-उद्यानात न्यायचं ठरलं होतं. तिकीट काढायला बसले, तर तिकिटाखाली आणखी एक यादी निघाली. रांग टाळण्याचा पास, जेवणाचं कूपन, लॉकर, पाण्यात घालायचे कपडे, फोटो, गाडीतळ. मास्तर म्हणाले, "भाऊ, तुम्ही जाऊन आलेले आहात. यातलं काय घ्यावं, काय सोडावं?"

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. हिशेबाच्या बाबतीत माझा सल्ला घेणाऱ्याची कीवच यायला हवी. पण या प्रश्नाचं उत्तर मला दोनदा द्यावं लागलं आहे. एकदा माझ्या वडिलांनी दिलं ते मी पाहिलं, आणि एकदा मी स्वतः दिलं. त्या दोन उत्तरांच्या मधे बराच इतिहास आहे. आज तोच सांगतो.

आमच्या वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा. टेकडीवर जायफळ-सुपारीसारखे गोल दगड सापडतात. फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला, अशी कथा आहे. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरनंही ती नोंदवली आहे, आणि हिंदू-मुसलमान दोघंही इथे येतात हेही लिहून ठेवलं आहे.

१९७९ साली मी आठ वर्षांचा होतो. अब्बा हिंगणघाटला जिनिंगमध्ये कामाला. आम्ही गिरडच्या जत्रेला गेलो. जत्रेला फाटक नसतं. आत जायला कुणी पैसे मागत नाही. पण आत गेलं की प्रत्येक गोष्टीला पैसे. बायोस्कोपला वेगळे, मौत का कुआँला वेगळे, रेवड्या-फुटाण्याला वेगळे. त्यामुळे निवड करणं भाग असे. खिशात दोन रुपये असले, तर कोणत्या तीन गोष्टी करायच्या आणि कोणत्या दहा सोडायच्या, हे जत्रेच्या तोंडाशीच ठरवावं लागे. आमच्या पिढीचं अर्थशास्त्र तिथेच शिकून झालं.

रहाटपाळणा लाकडी होता. चार पेट्यांचा, दोन माणसं हातानं फिरवायची. माणशी चार आणे. अब्बांनी अम्माला आणि मला बसवलं. अम्मानं पहिली अख्खी फेरी डोळे मिटून काढली. पाळणा थांबला तशी ती उतरेना. म्हणाली, "अजी, अजून एक डाव. आता डोळे उघडून बसते."

म्हणजे वर आणखी आठ आणे! अब्बा चिडले. त्यांचा हिशेब ठरलेला होता. पाळणेवालाही हुशार, त्यानं पाळणा धरूनच ठेवला. शेवटी अब्बांनी पैसे काढून दिले. पेटी वर गेली आणि अम्मा ओरडली, "अरे, ते पाय! अब्बाजानची बंडी!" जत्रेच्या कडेला बैलबंड्यांची रांग सुटली होती. त्यात एका शिंगमोड्या बैलावरून तिनं आपल्या वडिलांची, म्हणजे माझ्या नानांची, बंडी ओळखली. दोन वर्षं बापलेकीची भेट नव्हती. त्या दिवशी आम्ही बंडीच्या सावलीत बसून नानांच्या शिदोरीतलं जेवलो. अब्बांनी पुढे त्या आठ आण्यांचं नाव काढलं नाही.

आता गिरडहून जरा दूर जाऊ, कारण हा पाळणा फार जुना आहे. १६१५ मध्ये पिएत्रो देला वाले नावाचा रोमचा प्रवासी कॉन्स्टँटिनोपलमध्ये होता. रमजानच्या उत्सवात तो अशाच मोठ्या फिरत्या पाळण्यात बसला आणि त्यानं पत्रातून त्याचं वर्णन केलं. पाच वर्षांनी, १६२० मध्ये, पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं बाल्कनमध्ये तसलाच पाळणा पाहिला. दोघंही पुढे हिंदुस्थानात येऊन गेले. म्हणजे लोखंडाचा पाळणा अमेरिकेत उभा राहिला त्याच्या पावणेतीनशे वर्षं आधीच सणाच्या दिवशी लोक पैसे देऊन वर जात होते.

तो लोखंडी पाळणा आला १८९३ मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. स्वामी विवेकानंद ज्या वर्षी शिकागोत बोलले, तेच वर्ष, तेच शहर. जॉर्ज फेरिस या अभियंत्यानं २६४ फूट उंचीचं चाक उभारलं. त्याला ३६ डबे, एका डब्यात ६० माणसं. प्रदर्शनाच्या फाटकावर तिकीट ५० सेंटचं होतं, आणि या एका चाकात बसायचं तिकीटही ५० सेंटचंच. पूर्ण प्रदर्शन बघायला जितके पैसे, तितकेच एका पाळण्याला! तरी चौदा लाखांवर लोक त्यात बसले. पण प्रदर्शनाला झालेल्या भेटी होत्या दोन कोटी सत्तर लाखांच्या घरात. म्हणजे बहुतेकांनी ते चाक खालूनच पाहिलं. फाटकाचं एक तिकीट आणि त्यावर आणखी एक तिकीट, ही रीत तिथे पक्की झाली.

१९५५ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं तेव्हाही हेच होतं. प्रवेश वेगळा, खेळ वेगळे. त्याच वर्षी त्यांनी तिकिटांची पुस्तिका काढली. अ, ब, क अशा प्रती लावल्यासारखी ए, बी, सी तिकिटं. साध्या खेळाला ए, त्याहून चांगल्याला बी. पुढे डी आलं आणि १९५९ मध्ये सगळ्यांत भारी खेळांसाठी ई. घरी परतलेल्या लोकांच्या कपाटात ए तिकिटं शिल्लक राहायची, ई मात्र संपलेली असायची. १९८२ मध्ये ही पुस्तिका बंद झाली. एकदा पैसे भरा आणि दिवसभर वाटेल ते खेळा, असं ठरलं.

आपल्याकडे मोठी उद्यानं आली ती साधारण याच सुमारास. दिल्लीचं अप्पू घर १९८४ चं, ते २००८ मध्ये बंद झालं. मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं. आमच्याकडची मुलं शाळेच्या सहलीहून आली की राइड्सच्या आधी खाडीतल्या बोटीचंच वर्णन करायची. खोपोलीजवळ इमॅजिका आलं २०१३ मध्ये. एक तिकीट आणि दिवसभर खेळ, ही कल्पना मध्यमवर्गाला आवडली. जत्रेतली खिसा चाचपण्याची कटकट संपली, असं वाटलं.

पण पैसे वाचले की नाही, ते नंतर कळलं. खेळ सगळे मोकळे झाले तेव्हा रांगा वाढल्या. जिथे पैशानं गर्दी अडत होती, तिथे आता वेळेनं अडू लागली. दिवस एकच, त्यातले चार तास उभं राहण्यात गेले, तर तिकिटाचा काय उपयोग? डिस्नेनं १९९९ मध्ये रांग टाळायची एक सोय फुकट दिली. २०२१ मध्ये ती बंद करून तिच्या जागी पैसे घेणारी सोय आणली. आपल्याकडच्या मोठ्या उद्यानांतही तसा पास विकला जातो. पूर्वी पाळण्यात बसण्याचे पैसे होते. आता थांबावं न लागण्याचे पैसे आहेत.

याचं गणित साधं आहे. समजा, एका खेळात तासाला ७२० माणसं बसतात आणि तुमच्या पुढे ७२० जण आहेत. तुमचा नंबर तासाभरात लागतो. आता त्यातल्या २४० जागा दर तासाला पासवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेला ४८० उरतात. तुमचा एक तास दीड तासाचा होतो. पाळणा जास्त फिरत नाही. एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या वेळेतून काढलेला असतो. म्हणून तो पास मला पहिल्यापासून खटकतो. गिरडच्या टेकडीच्या पायऱ्या सगळ्यांना सारख्याच होत्या, हे डोक्यात बसलेलं आहे.

हाच तोरा घेऊन २०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्या सहा माणसांना घेऊन निघालो. बायको, मुलगी, जावई, नातू आणि अम्मा. सेवाग्राम एक्स्प्रेसनं गेलो. उद्यानाचं नाव सांगत नाही, कारण दोष उद्यानाचा नव्हता. अम्मा तेव्हा सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. तिकिटावर १८ टक्के जीएसटी पाहून जावई म्हणाला, "आधी २८ होता, या वर्षीच कमी झाला." मी म्हटलं, चला, तेवढं तरी वाचलं. पाससाठी विचारलं, तर सहा जणांचे मिळून जवळजवळ दुसरी तिकिटं काढण्याइतके पैसे. मी ताडकन म्हणालो, "नको. रांगेत उभं राहू, सगळ्यांसारखे."

बाकीचे हिशेब मी ठीक केले. पाण्याच्या खेळात लागणारे कपडे घरून नेले. सगळ्यांत मिळून एकच लॉकर घेतला, तो घ्यायलाच हवा, नाहीतर एक माणूस दिवसभर सामानाशी बांधला जातो. बाहेरचं खाणं आत नेता येत नव्हतं, म्हणून वर्ध्याहून नेलेला गोरसपाक फाटकाबाहेरच सगळ्यांना खाऊ घातला आणि आत एकदाच जेवलो. उतारावर यंत्रानं काढलेले सहा फोटो दाखवले, एक घेतला. नातवाचे दात दिसतात त्यात, अजून भिंतीवर आहे.

अम्मा मात्र दिवसभर बाकावर बसली. दीड-दोन तासांच्या रांगेत ती उभी राहू शकत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "जा रे, मी पायतो इथून." तिनं काही मागितलं नाही, आणि मी समजून घेतलं नाही. परतीच्या गाडीत, कल्याण गेल्यावर, तिनं हळूच विचारलं, "तो मोठा पाळणा होता ना... काय दिसे रे वरून?"

मी काहीतरी सांगितलं. डोंगर दिसत होते, रस्ता दिसत होता. पण मला गिरड आठवलं. माझ्या अब्बांना जमलेला हिशेब मला जमला नव्हता. मी सहा पासांची बेरीज करून नाही म्हणालो. लागत होते दोनच. एक अम्माचा, एक तिच्यासोबत बसणाऱ्याचा, तोही एका पाळण्यापुरता. सगळं घ्यायचं किंवा काहीच घ्यायचं नाही, असा हट्ट मी धरला आणि त्याला तत्त्व म्हणत राहिलो. रांगेत सगळे सारखे, हे खरं. पण सत्तरीचे गुडघे आणि विशीचे गुडघे सारखे नसतात, हेही तितकंच खरं. अम्मा २०२१ मध्ये गेली. चार आण्याचं नाणं त्याच्या आधीच, २०११ मध्ये, चलनातून गेलं होतं.

मास्तरांना मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की, सुट्टीची गर्दी टाळून मधल्या वारी जा. फाटक उघडायच्या आधी पोचा आणि आत शिरताच सगळ्यांत लांबच्या खेळाकडे आधी चालत जा. लोक पहिल्या खेळालाच अडकतात. बहुतेकदा पासची गरजच पडत नाही. जेवणाचं कूपन घेण्याआधी तुमची मुलं खरोखर किती खातात ते मोजा. लॉकर एक घ्या. फोटो एकच घ्या, पण घ्या. पास आधीपासून घेऊन ठेवू नका. अकरा वाजता रांगा पाहून ठरवा.

मास्तरांनी सगळं कागदावर लिहून घेतलं. निघताना मी विचारलं, "सोबत कोण कोण आहे?"

"आम्ही दोघं, दोन पोरं," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "अन् आई येतो म्हणते. पण तिला काय करायचं तिथं? बसेल सावलीत."

मी म्हटलं, "मास्तर, तो कागद द्या इकडे." आणि शेवटी माझ्या हातानं लिहिलं : पास, दोन. आईसाठी.