शाळेत गोठ्याचं गणित

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातच्या कामातून शिक्षण मांडलं. वर्धा आपल्याहून लांब नाही, पण ते फार शाळांत रुजलं नाही. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथून आठवी ते दहावीच्या पोरांना आठवड्यात एक दिवस हाताचं काम शिकवणं सुरू झालं. त्यात शेती-पशुपालनही आलं.

मी दहावी पास, पण टेपनं गायीचं वजन निघते हे शाळेत कळलं नाही. छातीचा घेर × घेर × खांदा ते पुठ्ठा लांबी (इंच) ÷ ६६० = किलो. घेर ६०, लांबी ५० तर अंदाजे २७३ किलो. जंताचं औषध वजनावर असते, कमी पडलं तर वाया. हे गणित पोरांना गोठ्यातच शिकवा.